पाय टेकण्यापुरती जागा : शहरातील दुसरे घर, रहिवास आणि कर

तौलनिक साहित्याभ्यासात 'घर' हा शब्द गेल्या काही दशकांत फार सढळपणे वापरला गेला आहे. स्थलांतरितांच्या लेखनाविषयी लिहिताना घर हरवणे, घराचा शोध, दोन घरांमधील अवकाश अशी शब्दावली आपल्या अंगवळणी पडली आहे आणि ती बहुतेक वेळा रूपकाच्या पातळीवरच राहते. घर कशाला म्हणावे या प्रश्नाचे उत्तर चुकले तरी समीक्षकाचे फारसे काही बिघडत नाही. ज्यांचे बिघडते अशांनी, म्हणजे कर आकारणारे अधिकारी, तो टाळू पाहणारे धनिक आणि या दोहोंमध्ये बसून शब्दांचे अर्थ लावणारे न्यायाधीश यांनी, हा प्रश्न कसा हाताळला हे पाहणे प्रस्तुत निबंधाचे प्रयोजन आहे. त्यासाठी एक मर्यादित विषय निवडला आहे : कुटुंबाचे मुख्य घर एकीकडे असताना शहरात राखलेले, अधूनमधून वापरात येणारे दुसरे घर. अशा घरासाठी फ्रेंचमध्ये 'पिएदातेर', म्हणजे शब्दशः 'जमिनीवर पाय', असा शब्द आहे आणि इंग्रजीनेही तो तसाच उचलला आहे. मराठीत 'पाय टेकायला जागा' असे आपण म्हणतो. मराठी प्रयोगात असलेला गरजेचा सूर मात्र फ्रेंच शब्दात उरलेला नाही; तो ऐपतीचा शब्द झाला आहे.

या प्रश्नाचे मूळ रोमन विधिविचारात सापडते. जस्टिनियनच्या संहितेत अधिवासाची जी कल्पना आली आहे तीनुसार माणसाने आपले गृहदेव आणि आपल्या मालमत्तेचा मुख्य भाग जेथे स्थापन केला असेल ते त्याचे घर होय. तेथून तो निघाला की प्रवासाला गेला असे वाटते आणि परतला की प्रवास संपला असे मानले जाते. ही व्याख्या वाचताना मराठी वाचकाला देव्हारा आठवल्यावाचून राहणार नाही. येथे घर एकच असते हे गृहीत आहे, आणि ते ओळखण्याची खूण माणसाच्या मनातल्या दिशेत आहे : जाणे कोणते आणि येणे कोणते. पुढे युरोपीय विधिपरंपरेतून अधिवासाची संकल्पना विकसित झाली ती बऱ्याच अंशी याच धारणेवर. ती उदात्त आहे, परंतु करवसुलीच्या दृष्टीने अडचणीची आहे, कारण मनातली दिशा ज्याची त्यालाच ठाऊक असते आणि कर द्यावा लागणार असेल तर ती सोयीस्करपणे बदलते.

इंग्लंडमध्ये १७९९ साली पिटने आयकर आणला तेव्हापासून हा पेच निरनिराळ्या रूपांत उभा राहत आला. त्यातला एक खटला आपल्या विषयाला फार जवळचा आहे. १९०४ साली स्कॉटलंडमधील न्यायालयापुढे आलेल्या 'कूपर विरुद्ध कॅडवालेडर' या प्रकरणातील करदाता न्यूयॉर्कचा वकील होता. शिकारीच्या हंगामात सुमारे दोन महिने तो स्कॉटलंडला येई, आणि तेथे भाडेपट्ट्याने घेतलेले एक घर त्याच्यासाठी वर्षभर सज्ज असे. उरलेले दहा महिने तो अमेरिकेत असूनही न्यायालयाने त्याला रहिवासी ठरवले. घर तयार होते, तो हवे तेव्हा तेथे येऊ शकत होता, आणि दरवर्षी येतही होता. येथे सज्ज घराला जवळजवळ माणसाची साक्ष मिळाल्यासारखे झाले. मालक गैरहजर असतानाही घर त्याच्या वतीने बोलू लागले.

याच्या उलट टोकाची उदाहरणे १९२८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे आली. लेव्हीन या करदात्याचे इंग्लंडात घरच नव्हते. तो हॉटेलांत राही आणि वर्षातले सुमारे पाच महिने इंग्लंडात घालवी. लायसॅट आयर्लंडमध्ये स्थायिक झाला होता आणि दर महिन्याला कंपनीच्या कामासाठी काही दिवस इंग्लंडला येऊन हॉटेलात उतरत असे. दोघेही रहिवासी ठरले. लेव्हीनच्या प्रकरणात लॉर्ड केव्ह यांनी 'राहणे' या क्रियापदाचा अर्थ सांगताना ऑक्सफर्ड कोशाचा आधार घेतला. त्याच वर्षी त्या कोशाची पहिली आवृत्ती पूर्ण झाली हा निव्वळ योगायोग. पण कोशकार्याला इतके रोकड मूल्य क्वचितच लाभले असेल. भाषेच्या अभ्यासकाने येथे लक्षात घ्यावे ते हे, की विधिमंडळाने 'राहणे' या शब्दाची व्याख्या जाणूनबुजून केली नव्हती. तो रोजच्या व्यवहारातला शब्द मानला होता, आणि तसा मानल्यामुळेच प्रत्येक खटला अर्थनिर्णयनाचा प्रसंग झाला. ही अनिश्चितता ब्रिटनमध्ये वैधानिक कसोटी येईपर्यंत, म्हणजे २०१३ पर्यंत, टिकली.

न्यूयॉर्कने वेगळी वाट धरली, आणि या निबंधाचा मुख्य भाग त्या वाटेविषयी आहे.

न्यूयॉर्क राज्याने व्यक्तींच्या उत्पन्नावरील कर १९१९ साली लागू केला. हे शहर नदीकाठी वसलेले, पलीकडच्या तीरावर दुसरे राज्य. रोज हजारो माणसे न्यू जर्सी व कनेटिकट येथून कामाला येत आणि संध्याकाळी परत जात. १९२० मध्येच संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 'ट्रॅव्हिस विरुद्ध येल अँड टाउन' या प्रकरणात न्यूयॉर्कला बजावले, की अनिवासी व्यक्तींकडून तेथे मिळवलेल्या उत्पन्नावर कर घेता येईल, परंतु रहिवाशांना दिलेल्या सवलती त्यांना नाकारता येणार नाहीत. म्हणजे रहिवासी आणि अनिवासी यांच्यातील मुख्य भेद उरला तो एवढाच : अनिवासी आपल्या न्यूयॉर्कमधील कमाईवर कर देतो, रहिवासी जगभरातील सर्व उत्पन्नावर. धनिकाच्या दृष्टीने हा भेद मोठा आहे, कारण त्याचे उत्पन्न पगारापेक्षा व्याज, लाभांश आणि भांडवली नफा यांतून येते.

१९२२ साली कायद्यात दुसऱ्या प्रकारचा रहिवासी आला. अधिवास कोठेही असो. राज्यात 'कायमचे निवासस्थान' राखणारी आणि वर्षात एकूण सात महिन्यांहून अधिक काळ राज्यात घालवणारी व्यक्ती रहिवासी समजली जाईल अशी ती तरतूद होती. १९५४ साली सात महिन्यांऐवजी १८३ दिवसांहून अधिक असा मापदंड आला. त्या वेळच्या आयकर खात्याच्या टिपणात तक्रार आहे ती अशी, की काही कोट्यधीश वर्षाचे दहा महिने न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरात राहतात आणि तरी आपण येथले नव्हे असे सांगतात. मन न वाचता फक्त घर आणि पंचांग पाहावे, हा विधिमंडळाचा हेतू यातून स्पष्ट होतो. हा हेतू योग्यच होता असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ज्याला शहराचे रस्ते, पोलीस, अग्निशमन आणि पाणी वर्षभर हवे, त्याने आपले हृदय फ्लॉरिडात आहे असे सांगून सुटू नये.

अडचण होती ती 'आणि' या उभयान्वयी अव्ययात. घर असणे आणि दिवस भरणे या दोन अटींना कायद्याने 'आणि' ने जोडले. त्यांचा परस्परांशी काय संबंध असावा हे सांगितले नाही. दिवस मोजण्याचा नियम कडक होता. दिवसाचा कोणताही अंश हा पूर्ण दिवस. केवळ विमान वा गाडी बदलण्यासाठी थांबलेल्यास सूट, आणि १९७९ च्या 'स्ट्रॅनहॅन' निर्णयानंतर रुग्णालयात आजारपणामुळे अडकून पडलेले दिवसही वगळले जाऊ लागले. म्हणजे मॅनहॅटनमध्ये नोकरी करणारा आणि रोज रात्री न्यू जर्सीत झोपायला जाणारा माणूस एकही रात्र न्यूयॉर्कमध्ये न काढता १८४ दिवस पूर्ण करतो. आता याच माणसाच्या नावावर राज्यात कोठेही एखादे घर असेल, तर दोन्ही अटी वेगवेगळ्या पूर्ण होतात. दिवस एका ठिकाणचे, घर दुसऱ्या ठिकाणचे, पण 'आणि' ने ते जोडलेले.

याचा परिणाम किती दूर जाऊ शकतो हे २०११ सालच्या 'बार्कर' प्रकरणात दिसले. कनेटिकटमध्ये राहणाऱ्या दांपत्याचे लाँग आयलंडच्या किनारी सुटीचे घर होते. वर्षातून दोन-तीन आठवडेच ते तेथे जात. पती मात्र मॅनहॅटनमध्ये नोकरीला येत असे. घर बारमाही वापरण्याजोगे आहे आणि त्यांच्या अखत्यारीत आहे, एवढे कर अपील न्यायाधिकरणाला पुरेसे वाटले. ते प्रत्यक्ष किती वापरले हा प्रश्न गौण ठरला. कूपर-कॅडवालेडर खटल्यातले सज्ज घर येथे पुन्हा साक्षीला उभे राहिले असे म्हणता येईल.

नियमावलीतही घराची एक व्याख्या आहे, आणि ती वाचण्याजोगी आहे. फक्त सुटीसाठी योग्य आणि सुटीसाठीच वापरलेली झोपडी किंवा छावणी हे कायमचे निवासस्थान नव्हे. तसेच ज्या वास्तूत स्वयंपाकाची, स्नानाची सोय नाही ती सामान्यतः निवासस्थान मानली जात नाही. एकत्र कुटुंब विभक्त झाले की नाही हे ठरवताना 'चूल वेगळी झाली का' असे विचारण्याची आपल्याकडील रीत ज्यांना परिचित आहे त्यांना ही कसोटी परकी वाटणार नाही. फरक असा, की आपली चूल पेटती असावी लागते. न्यूयॉर्कच्या नियमाला ती नुसती असली तरी चालत असे.

ती पेटती असावी लागते का, हा प्रश्न २०१४ साली राज्याच्या सर्वोच्च पातळीवरील अपील न्यायालयापुढे आला. 'गायेद' या प्रकरणातला करदाता धनिक नव्हता. स्टेटन आयलंडवर त्याचा मोटारदुरुस्तीचा व्यवसाय होता आणि राहायला तो न्यू जर्सीत होता. व्यवसायाच्या जवळ त्याने १९९९ साली अनेक गाळ्यांची एक इमारत घेतली. तिच्यातल्या एका सदनिकेत त्याचे आईवडील राहत. त्यांचा खर्च तो चालवी. दिवाबत्तीची आणि दूरध्वनीची बिले त्याच्या नावावर येत. कधी आईवडिलांनी बोलावले, त्यांना बरे नसले, तर तो रात्री तेथे थांबे. त्याच्यासाठी पलंग नव्हता. तो कोचावर झोपे. त्याचे कपडेही तेथे नसत. २००१ ते २००३ या वर्षांसाठी राज्याने त्याच्याकडे अडीच लाख डॉलरहून अधिक मागणी केली. न्यायाधिकरणाने एकदा त्याच्या बाजूने आणि फेरसुनावणीनंतर विरुद्ध निर्णय दिला.

अपील न्यायालयाने मागणी फेटाळली. कायद्याचा इतिहास पाहता विधिमंडळाचा रोख राज्यात खरोखर राहणाऱ्यांवर होता. म्हणून त्या जागेशी करदात्याचे नाते राहण्याचे असले पाहिजे, नुसते मालकीचे असून भागणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. मुलाने आईवडिलांना दिलेले घर हे त्याचे घर नव्हे. भारतीय वाचकाला हा निर्णय न्याय्य वाटेल आणि त्याच वेळी थोडा बोचेलही, कारण आईवडिलांचे घर ते आपले घर, हे आपल्याकडे मुलगा निराळे सांगत बसत नाही. गायेद जिंकला तो ते घर आपले नाही हे सिद्ध करून. करविषयक खटल्यांत असे अनेकदा घडते. माणूस एरवी अभिमानाने सांगेल ते नाते त्याला येथे नाकारावे लागते.

२०२२ च्या 'ओबस' निर्णयाने हीच रेषा पुढे नेली. न्यू जर्सीतील प्रिन्स्टनचे रहिवासी, मॅनहॅटनमध्ये नोकरी, आणि २०११ साली घेतलेले घर राज्याच्या उत्तरेला फुल्टन परगण्यात, कार्यालयापासून दोनशेहून अधिक मैलांवर. वर्षातून दोन-तीन आठवडे बर्फावरच्या खेळांसाठी आणि घोड्यांच्या शर्यतींसाठी त्याचा वापर होई. त्या घरातून रोज कामावर जाणे अशक्यच होते. पाच लाख डॉलरहून अधिक कराची मागणी न्यायालयाने रद्द केली. बार्कर आणि ओबस यांच्या परिस्थितीत वस्तुतः फारसे अंतर नाही; अंतर आहे ते मधल्या गायेद निर्णयाचे. कर खात्याने नियम सर्वस्वी सैल केला असे मात्र नाही. घर वर्षाचा बहुतांश काळ राखलेले असावे या अटीचा अर्थ ते पूर्वी अकरा महिन्यांहून अधिक असा लावत असे. २०२२ च्या करवर्षापासून तो दहा महिन्यांहून अधिक असा झाला, म्हणजे जाळे थोडे रुंद झाले.

येथे शहरातील सदनिकेचा प्रश्न सुटीच्या घराहून निराळा होतो. कार्यालयापासून दहा मिनिटांवर घेतलेली खोली, तिच्यात पलंग, कपाट आणि दाढीचे सामान असेल, तर गायेद निर्णयाचा आधार मिळणे कठीण. शिवाय अशा व्यक्तीला शहराचा स्वतंत्र आयकरही लागू होतो. न्यूयॉर्क शहर १९६६ पासून तो घेते. बाहेरून येणाऱ्या नोकरदारांवरचा शहरकर १९९९ साली रद्द झाला, त्यामुळे शहराच्या दृष्टीने रहिवासी असणे आणि नसणे यांतला फरक अधिकच तीव्र झाला. त्यातही दुखरी जागा म्हणजे दुहेरी कर. न्यू जर्सीत अधिवास असलेला माणूस न्यूयॉर्कच्या कायद्यानेही रहिवासी ठरला की दोन्ही राज्ये त्याच्या सर्व उत्पन्नावर हक्क सांगतात. पगारासाठी वजावट मिळते, कारण पगार कोठे कमावला हे सांगता येते. व्याज आणि लाभांश यांना असे ठिकाण नसते. १९९८ च्या 'टॅमॅग्नी' निर्णयात न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ही अवस्था घटनेला धरूनच आहे असे ठरवले. २०१५ साली संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मेरिलंडच्या करपद्धतीविरुद्ध पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिल्यावर काहींना आशा वाटली होती. पण न्यूयॉर्कच्या न्यायालयांनी टॅमॅग्नीपासून हटण्यास नकार दिला.

अधिवासाची जुनी कसोटीही कालबाह्य झालेली नाही. ती दुसऱ्या रस्त्याने चालूच आहे. न्यूयॉर्क सोडून गेलो असे सांगणाऱ्यावर ते सिद्ध करण्याचा भार असतो, आणि तेव्हा मन पुन्हा साक्षीला येते. तपासनीस घर, व्यवसाय, वेळ, कुटुंब यांबरोबर जिवाजवळच्या वस्तूही पाहतात : चित्रे, दागिने, कौटुंबिक छायाचित्रे कोठे आहेत. २०१७ च्या एका निर्णयातील करदाता डॅलसला गेला होता, पण न्यूयॉर्कची सदनिका त्याने ठेवली होती. त्याचा अधिवास कधी बदलला हे ठरवताना प्रशासकीय न्यायाधीशांनी ज्या दिवशी त्याने आपला कुत्रा डॅलसला नेला त्या दिवसाला महत्त्व दिले. रोमन संहितेतले गृहदेव आणि हा कुत्रा यांच्यात सुमारे सतरा शतकांचे अंतर आहे, विचारपद्धती तीच.

राहण्याशी संबंध नसलेल्या, केवळ घराच्या रिकामेपणावर कर घेण्याचा विचार याहून वेगळा आहे. न्यूयॉर्कमध्ये ५० लाख डॉलरहून महाग दुसऱ्या घरांवर वार्षिक कर असावा असा प्रस्ताव २०१४ साली आला. २०१९ च्या जानेवारीत सेंट्रल पार्कच्या दक्षिणेकडील एक सदनिका सुमारे २३.८ कोटी डॉलरना विकली गेल्यावर त्याने पुन्हा उचल खाल्ली, परंतु त्या वर्षी त्याऐवजी महाग घरांच्या खरेदीवरील एकवेळचा कर वाढवण्यात आला. फ्रान्सने २०२३ पासून मुख्य घरावरील निवास-कर पूर्णपणे काढून टाकला आणि दुसऱ्या घरावर तो ठेवला. पिएदातेर हा शब्द ज्या देशाने दिला त्यानेच त्याला कराच्या दृष्टीने वेगळे काढावे, हे ओघानेच आले.

आता भारताकडे. आपल्या आयकर कायद्यातही सज्ज घराचे कलम होते हे आज फारसे कोणाच्या लक्षात नाही. १९२२ च्या कायद्यात १९३९ साली घातलेल्या ४-अ या कलमानुसार एखाद्याने वर्षात १८२ दिवस वा अधिक काळ येथे राहते घर राखले, किंवा त्याच्यासाठी कोणी राखले, आणि तो त्या वर्षात कितीही थोडा काळ येथे आला, तर तो निवासी ठरे. न्यूयॉर्कच्या १९२२ च्या तरतुदीहून हे कितीतरी कडक. 'त्याच्यासाठी कोणी राखले' हे शब्द भारतीय कुटुंबव्यवस्थेवर बेतलेले वाटतात. ब्रह्मदेश, मलाया, सिलोन येथे सावकारी करणारे आणि चेट्टिनाडात मोठाली घरे बांधणारे नाट्टुकोट्टै चेट्टियार, पूर्व आफ्रिकेत दुकान थाटलेले गुजराती व्यापारी : यांचे घर कोणी ना कोणी राखतच असे. मुख्य न्यायाधीश छागला यांच्या काळात मुंबई उच्च न्यायालयाने 'राहते घर' या शब्दांत स्थैर्य, जिव्हाळा आणि परिसराशी असलेले नाते अभिप्रेत आहे, नुसते छप्पर पुरत नाही, असा अर्थ लावला. गायेद निर्णयाच्या अर्धशतकाहून अधिक आधी हे घडले.

मराठी व्यवहारात तर या भेदासाठी तयार शब्द होते. कोकणातील चाकरमान्याची मुंबईत 'खोली' असे, क्वचित 'बिऱ्हाड'. 'घर' मात्र गावी. गिरणीत तीस वर्षे काढलेला माणूसही गणपतीला 'घरी' जाई. रोमन व्याख्येतले जाणे-येणे या वाक्प्रयोगात जसेच्या तसे आहे. न्यूयॉर्कच्या नियमाने पाहिले तर तो निःसंशय मुंबईचा रहिवासी. त्याच्या भाषेप्रमाणे नव्हे. त्याच्यावर कराचा प्रसंग बहुधा येत नसे, आणि आला असता तरी दोन्ही ठिकाणे एकाच करक्षेत्रात होती, म्हणून हा विरोध कधी न्यायालयापर्यंत पोहोचला नाही.

१९६१ च्या कायद्याने राहत्या घराचे कलम ठेवले, पण वर्षात किमान ३० दिवस भारतात असण्याची अट घातली. १९८२ च्या वित्त अधिनियमाने हे कलमच वगळले. १ एप्रिल १९८३ पासून ते गेले. परदेशी स्थायिक झालेल्यांना पुण्यात वा अहमदाबादेत घर ठेवता यावे आणि सुटीला आले म्हणून निवासी ठरू नये, हा त्याचा व्यावहारिक परिणाम. तेव्हापासून आपला कायदा दिवस मोजतो, आणि २०२५ च्या नव्या आयकर कायद्यानेही तेच कायम ठेवले. घर आता साक्ष देत नाही.

निदान देशांतर्गत कायद्यात देत नाही. भारत आणि अमेरिका यांच्यातील १९८९ च्या दुहेरी कर टाळण्याच्या करारात, एखादी व्यक्ती दोन्ही देशांची निवासी ठरली, तर प्रथम पाहायचे ते तिला कायमचे घर कोठे उपलब्ध आहे. दोन्हीकडे असेल तर तिचे व्यक्तिगत आणि आर्थिक संबंध कोठे अधिक निकटचे आहेत, तेही ठरेना तर ती सवयीने कोठे राहते, मग नागरिकत्व, आणि शेवटी दोन्ही सरकारांनी आपसांत ठरवावे. न्यू जर्सीत घर आणि कोथरूडमध्ये सदनिका असलेल्या निवृत्त अभियंत्यास वर्षाचे सहा-सात महिने भारतात घालवायचे असतील, तर त्याला या पायऱ्या उतराव्या लागतात, आणि तो बहुधा दुसऱ्या पायरीवर थांबतो : नातवंडे एकीकडे, भावंडे दुसरीकडे, निवृत्तिवेतन डॉलरमध्ये, ठेवी रुपयांत. हा करार संघराज्याच्या करापुरता आहे. न्यूयॉर्कसारख्या राज्याचा कर त्याच्या कक्षेत येत नाही, तेथे त्याचे दिवस पुन्हा वेगळे मोजले जातात.